भोंगा बंद होईपर्यंत

ती मोटरसायकल मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात निघायच्या. त्यातली एक आमच्या यजमानांनी नागपूरहून आणली. रंग वाळलेल्या चिखलाचा, टाकीला पोचे, आणि चालू करायची म्हणजे लाथांवर लाथा. पण हे रोज सकाळी तिला फडक्याने असे पुसायचे की शेजारच्या बाया मला सवत आली म्हणून चिडवायच्या. मीही चिडायचे. लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं, आणि घरात माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलणं व्हायचं.

आम्ही तेव्हा चांदा जिल्ह्यात राहत होतो, नागभीडच्या पुढे, जंगलाला अगदी चिकटून असलेल्या एका गावात. हे सागवानाच्या एका ठेकेदाराकडे नोकरीला होते. ठेकेदाराने तोडीला घेतलेल्या जंगलाच्या तुकड्याला तिकडे कूप म्हणतात. कुपात साग पडायचा, ओंडक्यावर घणाने छाप मारला जायचा आणि मग तो बैलगाडीतून डेपोवर यायचा. छाप नसलेला ओंडका कुपाबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. जंगलात राहिलेल्या माणसाला विचारा.

दिवाळी झाल्यावर यांनी बिनछापाच्या सागाने भरलेल्या गाड्या अडवल्या आणि डेपोवर नेऊन रिकाम्या करवल्या. गाड्या कुणाच्या ते गाडीवानांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली होती, मालगुजार गेले नव्हते. गावात त्यावर कोणी अक्षर बोललं नाही, आमच्या दाराशी भांडायलाही कोणी आलं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी दूध घालणाऱ्या बाईने दूध बंद केलं. म्हैस आटली म्हणाली. ती म्हैस रोज संध्याकाळी भरल्या कासेने माझ्या अंगणासमोरून जायची. मग धोब्याला वेळ मिळेनासा झाला. मी विहिरीवर गेले की चाललेल्या गप्पा थांबायच्या आणि सगळ्याजणी एकदम दोराकडे बघायला लागायच्या.

एका सकाळी नाल्याच्या उतारावर यांचा ब्रेक लागला नाही. वाळूत पडले म्हणून कोपरं सोलण्यावर भागलं. मला सांगितलं, घसरलो. पण संध्याकाळी गाडीखाली आडवे होऊन बराच वेळ काहीतरी शोधत होते ते मी पाहिलं. ब्रेकच्या दांडीला अडकवलेली खीळ नव्हती. खीळ आपोआप गळून पडू शकते, असं मीच म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुढच्या चाकाचे नट ढिले निघाले, दोन्ही बाजूंचे. तेव्हा मात्र मला कळलं की नट दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आपोआप ढिले होत नसतात.

मी त्यांना सरळ सांगितलं, नोकरी सोडा आणि माझ्या माहेरी वर्ध्याला चला. भाऊ कुठेतरी चिकटवून देतील. ते म्हणाले, दोन नटांना भिऊन पळालो तर उद्या आरशात तोंड कसं बघू. मी म्हटलं, तोंड शाबूत राहिलं तर बघाल ना. त्यावर दोन दिवस अबोला. माझा स्वभाव तेव्हा तिखट होता, आता नुसता जुना झालाय. पण त्या दोन दिवसांत जेवण करताना, भांडी घासताना माझं लक्ष सारखं अंगणातल्या त्या गाडीकडे असायचं. कुणी जवळून गेलं तरी मी हातातलं टाकून दाराशी यायचे. ती गाडी म्हणजे यांचे पाय होते. कूप आठ मैलांवर, वाटेत नाले आणि उतार. तिला केलेली इजा यांनाच होणार होती.

अबोला यांनीच मोडला. म्हणाले, गाडीला हात लावला की ती ओरडली पाहिजे, एवढं केलं म्हणजे झालं.

चांद्याला बसस्टँडच्या मागे एक मुसलमान मिस्त्री होता. ट्रकचे भोंगे, ग्रामोफोन, टॉर्च, जे येईल ते दुरुस्त करायचा आणि काम करताना तोंडाचा पट्टा अखंड चालू. तो बसने सामान घेऊन आमच्याकडेच आला आणि आमच्या अंगणात गाडी उघडून बसला. एका मोडक्या ट्रकचा भोंगा त्याने सीटखाली बसवला आणि गाडीच्या बॅटरीला जोडला. स्टँडजवळ पितळेची एक लवचीक पट्टी लावली. गाडी स्टँडवर उभी असली की पट्टी दबून राही. कुणी गाडी हलवली, कलवली की पट्टी सुटे आणि भोंगा सुरू. तो आपला आपण थांबायचा नाही. थांबवायचा एक खटका टाकीच्या खाली, डाव्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा. गाडी लावताना हात घालून तो चालू करायचा, परत आल्यावर हात घालूनच बंद करायचा. खटका कुठे आहे ते यांना, मिस्त्रीला आणि मला ठाऊक. मिस्त्रीने मला दोनदा हात घालून दाखवायला लावलं. यांना काही झालं तर घरात कोणाला तरी माहीत पाहिजे, असं तो सहज बोलून गेला आणि मग जीभ चावली.

चाचणीला अर्धं गाव जमलं. मिस्त्रीने गाडीला धक्का दिला आणि तो भोंगा जो सुटला, झाडावरचे बगळे उडाले. आवाज फाटका, घसा बसलेल्या माणसाने खेकसावं तसा. पोरं हसली, म्हाताऱ्या कानावर हात ठेवून हसल्या. यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की हा आवाज आला की धावत या, मग मी असो नसो. लोकांनी माना डोलावल्या. मिस्त्री पेटी आवरताना मला म्हणाला, "बाई, ये एकदा बोंबललं न, तर कोसभर दूरचा माणूस उठून पळत येते. आता तुम्ही बिनघोर झोपा."

मी खरंच झोपले. पुढचे काही आठवडे गाडीला कोणी हात लावला नाही. दूधवालीची म्हैससुद्धा पुन्हा दूध द्यायला लागली. यांनी मला डोळे मिचकावून ते दाखवलं. मला मात्र ते दूध पिताना बरं वाटत नव्हतं. काही मिटलेलं नसताना माणसं गोड वागायला लागली की त्याची मला जास्त भीती वाटते.

आता हाक्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिवाळ्यात त्या जंगलात शिकारीला मोठमोठे लोक यायचे. परमिट काढून, जीप घेऊन, डाक बंगल्यात मुक्काम. शिकारी मचाणावर बसायचे आणि गावोगावची माणसं मजुरीवर लावून जंगल उठवायचे, डबे बडवत, ओरडत. तो हाका. माणसं लांब पसरलेली असायची, म्हणून सुरुवातीची खूण जीपच्या भोंग्याने द्यायचे. एक लांब भोंगा म्हणजे हाका सुरू. दोन छोटे म्हणजे हाका संपला. मधल्या वेळात वाघ, रानडुक्कर, अस्वल, जे काय उठेल ते वाट मिळेल तिकडे पळतं, आणि गोळी लागलेला वाघ तर गावाकडेही येतो. म्हणून त्या भागातल्या गावांचा नियम ठरलेला. जंगलाकडून लांब भोंगा ऐकू आला की गुरं आत, पोरं आत, दारांना अडसर. दोन छोटे भोंगे ऐकू येईपर्यंत कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. कोतवालाच्या बायकोची सख्खी बहीण अशीच एका हाक्यात गेली होती. लाकडाची मोळी घेऊन उशिरा परतत होती.

हे सगळं आम्हालाही माहीत होतं. मीसुद्धा एकदा या नियमाने घरात कोंडून बसले होते. पण आमच्या भोंग्याची चाचणी झाली ती अंगणात. तोच भोंगा जंगलातून ऐकू आला तर गाव काय समजेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ना यांच्या, ना माझ्या, ना त्या बोलघेवड्या मिस्त्रीच्या. हसत माना डोलावणाऱ्या गावकऱ्यांच्याही नाही.

तो बाजाराचा दिवस होता. कुपातले मजूर बाजाराला जाणार, जंगल रिकामं, म्हणून यांना वाटलं की निवांत जाऊन ओंडक्यांवरचे छाप तपासून यावेत. मी नको म्हटलं. का ते सांगता येईना. आदल्या दिवशी विहिरीवर मालगुजारांकडे काम करणारी एक बाई होती. तिने मला विचारलं होतं, उद्या साहेब कुपावर जाणार का, आणि उत्तराची वाट न बघता घागर उचलून निघून गेली होती. मी यांना ते सांगितलं. ते म्हणाले, बायका काहीही विचारतात. डबा घेतला आणि गेले. थोड्या वेळाने शिकाऱ्यांची जीप धुरळा उडवत त्याच रस्त्याने गेली.

दुपार कलली तशी मी कोतवालाच्या घरी गेले. घरात बसवेना. त्यांचं घर आमच्या समोरच. कोतवाल बाजाराला गेलेला, गावातले बहुतेक पुरुष बाजाराला गेलेले. कोतवालीणबाई तांदूळ पाखडत होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, हाडापेराने मजबूत, आणि त्या काळात माझ्याशी मोकळेपणाने बोलणारी गावातली एकमेव बाई. मी त्यांच्याजवळ खडे वेचत बसले. इतक्यात जंगलाकडून भोंगा ऐकू आला.

लांब. अखंड.

बाहेर एकदम धावपळ झाली. कुणी गाईला हाका मारल्या, कुणी पोराला. दारं लागल्याचे आवाज एकामागून एक येत गेले, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोतवालीणबाई सूप टाकून उठल्या आणि अडसर घालायला लागल्या.

मी उठून उभी राहिले होते. तो फाटका घसा मला हजारांत ओळखू आला असता. मी म्हटलं, बाई, हा हाका नव्हे, हा आमच्या गाडीचा भोंगा आहे, माणसं पाठवा. त्या म्हणाल्या, जीपचाच आहे, सकाळी जीप गेलेली सगळ्यांनी पाहिली. मी दाराकडे झेपावले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. मी सोडवून घ्यायला गेले, चावलेसुद्धा. त्यांनी सोडलं नाही. दाराला पाठ लावून खाली बसल्या आणि मला कुशीत आवळून धरलं.

"दोन भोंगे झाल्याबिगर इथी कोणी दार उघडत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "माही बहीणबी असंच म्हणत होती. लाकडं घेऊन लगेच येतो."

त्या रडत होत्या. त्यांना काही माहीत होतं आणि त्यांनी मला मुद्दाम अडवलं, असं पुढे आमच्या नात्यातले लोक म्हणाले. ते खोटं आहे. त्यांची छाती माझ्या पाठीला लागलेली होती, ती धडधडत होती. त्या मला वाघापासून वाचवत होत्या.

मी ओरडत होते. गाव लहान, घरं लागून. माझं ओरडणं शेजारी ऐकू जात असणारच. पलीकडच्या घरातून एका म्हाताऱ्याने भिंतीआडून विचारलं की काय झालं, आणि कोतवालीणबाईंनी सांगितलं की नवरा जंगलात आहे तिचा, घाबरली पोरगी. तो म्हणाला, भोंगा होऊ दे, मग जाऊ. म्हणजे जाणार होते सगळे. दोन छोटे भोंगे झाले की लगेच. पण ते होणार नव्हते, कारण तो हाका नव्हता, आणि हे माझ्याशिवाय गावात कोणाला पटत नव्हतं. इतका वेळ कुठला हाक्याचा भोंगा वाजतो, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, जीपचा अडकला असेल.

काही वेळाने माझी ताकद संपली आणि मी ऐकायला लागले. भोंगा चालूच होता. तेव्हा माझ्या मनात तो हिशोब आला. गाडीला कोणी हात लावला असेल आणि हे जवळपास असतील, तर धावत येतील आणि टाकीखाली हात घालून खटका बंद करतील. मग आवाज एकदम थांबेल, सुरीने कापल्यासारखा. आवाज एकदम थांबला तर ते आहेत. चोराला खटका सापडणार नाही. आणि हे नसतील, तर तो वाजत राहील आणि बॅटरी संपेल तसा बारीक होत जाईल. मी देवाला एवढंच म्हणत होते की आता थांबव. आता. माझे कान त्या आवाजाला असे चिकटले होते की मी श्वास घेतला तरी मला त्याचा राग येत होता.

तो थांबला नाही. कौलातून येणारं ऊन भिंतीवर चढत गेलं. भोंग्याचा घसा आणखी बसला. मग तो घरघरल्यासारखा झाला. मग डबीत कोंडलेल्या भुंग्याएवढा, कधी ऐकू येई, कधी नाही. आणि मग तो संपला की अजून आहे, हेही मला कळेना. कोतवालीणबाई माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. मी झटापट कधीच सोडली होती. माझं कुंकू गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर माझं अंग अगदी हलकं झालं आणि मी कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसले. दारापाशी आता कोणी धरायला नसतं तरी मी उठले नसते.

दिवेलागणीला बाहेर बैलगाडीची चाकं वाजली. गाड्या चालू झाल्या म्हणजे हाका संपला, असं म्हणत कोतवालीणबाईंनी अडसर काढला. पलीकडच्या गावची माणसं बाजारातून त्या रस्त्याने परतत होती. त्यांना हे गावापासून मैलभरावरच्या नाल्याच्या उतारावर सापडले होते. भोपळ्यांच्या आणि मिठाच्या पोत्यांच्या मधे आडवे टाकून आणलं होतं. मी बाहेर गेले नाही. प्रेत बघायला घाई कसली, असं माझ्या मनात आलं ते मला अजून आठवतं. मग बाहेरून कोणीतरी म्हणालं की पाणी आणा, पाणी मागून राह्यले.

त्याच गाडीतून त्यांना डाक बंगल्यावर नेलं आणि तिथून शिकाऱ्यांच्या जीपने चांद्याच्या दवाखान्यात. शिकारी त्या दिवशी कुठेच हाक्याला गेले नव्हते. त्यांचा स्वयंपाकी आजारी होता, त्याला औषध आणायला जीप गेली होती. यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. लवकर आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर दुसऱ्या कोणाला तरी सांगत होते. मी दाराशीच उभी होते.

शुद्धीवर आले तरी यांनी बरेच दिवस काही सांगितलं नाही. पोलिसांनाही एवढंच की तोंडाला फडकी बांधलेले दोघे होते, ओळख पटली नाही. मग एका दुपारी मी त्यांना मोसंब्याची फोड देत असताना ते आपणहून बोलायला लागले. कुपावरून परतताना त्या नाल्यापाशी गाडी लावून ते झाडीत पडलेले ओंडके बघायला गेले होते. भोंगा ऐकून ते धावत आले तेव्हा दोघे गाडीशी होते. भोंगा वाजल्याने ते बावचळलेले होते. एकाने कुऱ्हाडीचा दांडा घातला, दुसऱ्याने गाडी यांच्या अंगावर ढकलली, आणि दोघे पळाले. गाडीसकट हे उतारावरून खाली घसरले. पाय गाडीखाली, डोकं वर, एक हात मोकळा.

"डावा हात मोकळा होता माहा," ते म्हणाले. "खटक्यावरच होता. आवाजानं कान फाटून राह्यले होते, पण बंद नाई केला. म्हटलं, तू आयकत अशीन."

मी फोड खाली ठेवली. खोटं बोलायचं सुचलं नाही. मी सांगितलं की मी ऐकत होते, अगदी शेवटपर्यंत ऐकत होते. भोंगा तुम्ही बंद केला नाही, म्हणून तुम्ही गेलात असं धरून मी दारापासून उठून कोपऱ्यात जाऊन बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाय जिथे असायला हवा होता तिथे चादर सपाट होती, तिच्यावर त्यांनी हात फिरवला.

"मंग बंद कराले पाह्यजे होता," ते म्हणाले.